शेंगा सोलून गणित येतं का?

"बालवाडीत भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवतात, मग लिहायला कधी शिकवणार?" सोलापुरात पालकांचा हा सवाल नेहमीचाच. पेन्सिल जितकी लवकर हातात, तितकं पोर हुशार, हा समज काही जात नाही.

तसं नसतं. मनगटातली ८ हाडं जन्मतः नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक असतात. ती पूर्ण घट्ट व्हायला बरीच वर्षं जातात. शेंग फोडताना एका हातानं ती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीची चिमूट नेमकी शिवणीवर दाबायची. पुढे पेन्सिल पेलते ती हीच चिमूट. (अख्खा दाणा चिमुरड्यांच्या घशात अडकतो. मोठं माणूस शेजारी हवंच, आणि खायला कूटच द्या.)

आकड्यांचंही तेच. एक ते शंभर घडाघडा म्हणणं हे निव्वळ पाठांतर. पाच दाणे मोजून झाल्यावर "किती झाले?" विचारा. पोर परत पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण दाणे, हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्यापेक्षा जेवताना प्रत्येक ताटात एक भाकरी ठेवायला सांगा. किती कमी पडल्या ते तेच सांगेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयाचा टप्पा खेळातून शिकण्याचाच आहे. पाटीवर खडूनं रेघोट्या मारू द्या खुशाल, चौकटीची वही मात्र इतक्यात नको.