हेवी लायसन्स काढायचंय? फॉर्मच्या आधी वर्षाचा हिशेब मांडा

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी ड्रायव्हरांचे हिशेब लिहितो. महिन्याला दोन-तीन पोरं तरी येतात आणि "दादा, हेवी काढायला किती लागतील?" एवढंच विचारतात. हेवी म्हणजे ट्रक चालवायचं लायसन्स. मागच्या उन्हाळ्यात एकजण आला तो ड्रायव्हिंग स्कूलला वीस हजार मोजूनच. कारचं लायसन्स होतं त्याच्याकडे, पण जेमतेम चार महिन्यांचं. म्हणजे पुढचे आठ महिने त्याचा अर्ज जागचा हलणार नव्हता. पैसे घेणाऱ्याने हे सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

म्हणून आधी अटी बघू, पैशाचं नंतर.

मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. अठराव्या वर्षी कारचं लायसन्स मिळतं, ट्रकचं नाही. दुसरी अट त्या पोराला नडली ती: हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं, पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. शिकाऊ लायसन्सचे दिवस त्यात धरत नाहीत. आठवी पासची अट 2019 मध्येच निघाली, तेव्हा शाळेच्या दाखल्यासाठी धावपळ नको. दाखला वयाचा पुरावा म्हणून चालतो, तेवढाच त्याचा उपयोग. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही 2020 पासून लायसन्स मिळू शकतं. तीव्र असेल तर नाही. आणि बॅज, बॅज करत बरेच जण येतात. बॅज म्हणजे आरटीओचा बिल्ला, तो प्रवासी गाडीवाल्यांना लागतो, मालट्रकला नाही.

आता सरकारी फी. ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. केंद्राच्या नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे 150, ड्रायव्हिंग टेस्टचे 300, जुन्या लायसन्सवर नवा वर्ग चढवायचे 500 आणि कार्डाचे 200. वर राज्याचं सेवाशुल्क आणि पोस्टाचा किरकोळ खर्च. एलएमव्हीपासून सुरुवात केली तरी आधी एलएमव्ही, मग ट्रक अशा दोन्ही टप्प्यांची मिळून सरकारी फी दोन हजारांच्या आसपास राहते. बाकीचं सगळं जातं स्कूल, टेस्टची गाडी, एजंट आणि बुडालेल्या रोजगारात. यातला बुडालेला रोजगार सगळ्यात मोठा, आणि तोच कुणी मोजत नाही.

शून्यापासून निघालेल्याला किती दिवस लागतात ते धरा. एलएमव्हीचं शिकाऊ लायसन्स काढल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही. मग पक्कं लायसन्स आणि त्यानंतर एक वर्ष थांबणं. मग ट्रान्सपोर्ट वर्गाचं, म्हणजे ट्रकचं, शिकाऊ, पुन्हा तीस दिवस, पुन्हा टेस्ट. अपॉइंटमेंटची तारीख वेळेवर मिळाली तरी चौदा महिने गेलेच. हे वर्ष रिकामं बसून काढलं तर हेवी लायसन्स फार महाग पडतं.

पण ते रिकामं काढायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलंय की एलएमव्ही लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी वेगळा शेरा नसताना चालवू शकतो. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, 'जीव्हीडब्ल्यू' म्हणून असतं ते. वय वीस मात्र पूर्ण हवं. म्हणजे छोटा टेम्पो, पिकअप, शहरातल्या डिलिव्हरीची गाडी यांवर ते वर्ष पगार घेत काढता येतं. रिव्हर्स घेणं, माल बांधणं, बिल्टी म्हणजे मालाची पावती वाचणं, काटा म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन करणं हे सगळं तिथेच हाताला बसतं. माझं तर मत असं की टेम्पोवर वर्ष काढलेल्या पोराला मालक ट्रकवर लवकर बसवतो. नुसतं ताजं कार्ड घेऊन आलेल्याला पहिले काही महिने क्लीनरच्याच सीटवर बसावं लागतं.

याउलट जुनी रीत म्हणजे क्लीनर म्हणून चढायचं आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाने स्टेअरिंग हातात द्यायचं. शिकाऊ लायसन्सही नसेल तर यात चालवणाऱ्याला पाच हजार दंड, गाडी देणाऱ्या मालकालाही पाच हजार. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्सच मागते.

अर्ज सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. 2019 च्या दुरुस्तीपासून राज्यातल्या कुठल्याही आरटीओकडे अर्ज करता येतो, त्यामुळे जवळच्या ऑफिसात तारखा लांबच्या असतील तर शेजारच्या जिल्ह्यातल्या बघा. सोबत लागतं ते असं: मूळ लायसन्स, आधार, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, फोटो, रक्तगट, फॉर्म 1ए आणि टेस्टच्या वेळी फॉर्म 5. फॉर्म 1ए म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र. कारसाठी चाळिशीच्या आत स्वतःचं प्रतिज्ञापन चालून जातं, ट्रकसाठी मात्र कुठल्याही वयात डॉक्टरची सही लागते. डोळे मनापासून तपासून घ्या. चष्मा लागला तर आताच कळलेला बरा.

फॉर्म 5 हा ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. ट्रान्सपोर्ट वर्गाला तो लागतोच, म्हणून स्कूल टाळता येत नाही. स्कूलचा भाव मात्र ठरवता येतो. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: स्टेअरिंग प्रत्यक्ष किती तास हातात देणार, टेस्टला ट्रक तुमचा की माझा, आणि नापास झालो तर दुसऱ्या वेळच्या गाडीचं भाडं कोण देणार. टेस्ट त्याच वर्गाच्या गाडीवर द्यावी लागते आणि ट्रक काही कुणाच्या अंगणात उभा नसतो. बरीच स्कूलं फी कमी सांगतात आणि टेस्टच्या दिवशी गाडीचे वेगळे घेतात. जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांची सोय आहे. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची टेस्ट द्यावी लागत नाही. तुमच्या टप्प्यात असं केंद्र असेल तर जास्त फी देऊनही बघण्यासारखं आहे.

लायसन्स आलं की खरा सवाल उभा राहतो, पगारी राहायचं की ट्रिपवर. आकडे उदाहरणापुरते घ्या. एक मालक म्हणतो महिना 18,000 आणि रस्त्यावरच्या दिवसाला 300 भत्ता. दुसरा म्हणतो ट्रिपला 4,500, जेवण तुझं. महिन्यात सहा ट्रिपा झाल्या तर दुसऱ्याचे 27,000 होतात, पोरं तिकडेच धावतात. पण गोडाऊनबाहेर गाडी खाली व्हायला तीन-तीन दिवस लागले, रिटर्न लोड म्हणजे परतीचा माल मिळेना, की चार ट्रिपांवर महिना संपतो. हातात 18,000 आणि त्यातून जेवण वजा. पगारी माणसाला उभ्या गाडीचाही पगार मिळतो, आणि बाहेर अडकला असेल तर भत्ताही. म्हणून नवख्याने पहिलं वर्ष पगारी राहावं असं मी सांगतो. आणि ट्रिपवर जायचंच असेल तर गाडी उभी राहिल्याचे दिवसाला किती, हे आधी बोलून घ्यावं.

उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं, तर विचारूच नका. निघताना वाटखर्चाला दिलेली रक्कम ड्रायव्हरच्या नावावर पडते. हमाली, पंक्चर, ताडपत्रीचा रस्सा, काट्याची पावती यांच्या चिठ्ठ्या आणल्या तर त्यातून वजा होते. एका ड्रायव्हरने मला सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला हिशेब आणून दिला होता, घामाने अर्धा पुसलेला. 2,300 रुपये त्याचेच होते, पण मला ते दाखवता आले नाहीत. वीस रुपयांची वही घ्या आणि चिठ्ठी त्याच दिवशी तिच्यात चिकटवा.

ओव्हरलोडला नाही म्हणणंही पैशाचंच काम आहे. दंड 20,000 आणि वर जादा टनामागे 2,000. तो मालक भरेल, पण लायसन्स किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश आहेत, आणि ते तीन महिने घरी बसणारे तुम्ही. मोबाईलवर बोलणं आणि दारू पिऊन चालवणं यालाही तेच निलंबन लागू.

पुढे टँकरवर, धोकादायक मालावर जायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तसा शेरा लागतो. शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, अशी नियमात अट आहे. तो शेरा तीन वर्षांचा, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी वर्ग.

विम्याचं आजच करून टाका. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये कटतात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. खात्यात त्या तारखेला वीस रुपये शिल्लक नसल्याने विमा तुटलेले ड्रायव्हर मी पाहिलेत.

कार्ड हातात आलं की त्यावरच्या दोन्ही तारखा वाचा. एक खासगी गाडीची, लांबची. दुसरी ट्रान्सपोर्टची, पाच वर्षांची. लोक लांबची बघतात आणि निश्चिंत होतात. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सूट असायची, ती 2019 मध्ये गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो आणि फॉर्म 1ए तेव्हाही लागतो. आमच्याकडे मी प्रत्येकाची ट्रान्सपोर्टची तारीख गाडीच्या फाईलवर लाल पेनने लिहून ठेवतो.