उलट्या करंटला चोर समजणारा मीटर: सोलर आणि स्मार्ट मीटरच्या भांडणाची पार्श्वभूमी

सोलर छान चाललंय, अ‍ॅपवर रोज १२ युनिट दिसतायत, आणि बिल मात्र सोलर लावायच्या आधीपेक्षा जास्त. ही तक्रार आता गल्लीगल्लीत ऐकू येते आणि त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे नवा मीटर फास्ट पळतो. कधीकधी खरंच मीटरमध्ये खोट असेलही, पण बऱ्याच केसमध्ये मीटर बिचारा त्याला शिकवलंय तसंच वागत असतो. ते त्याला कुणी, कधी, कशासाठी शिकवलं ही खरी गोष्ट आहे.

जुना चकतीचा मीटर भोळा होता. करंट आत आला की चकती सुलटी, बाहेर गेला की उलटी. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये नेट मीटरिंगचा, म्हणजे घरातून बाहेर गेलेली वीज आलेल्या विजेतून वजा करायचा, कायदा केला तेव्हा या भोळेपणाचीच सोय होती, वेगळं काही बसवायची गरज नव्हती, मीटर मागे फिरला की हिशोब झाला.

आपल्याकडे मात्र मीटर मागे फिरणं याचा एकच अर्थ होता: चोरी. घरात वीज तयार करणारं कुणी नव्हतंच, मग मागे कशाने फिरणार? तर कुणीतरी मीटरची आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर अदलाबदल करून ठेवली म्हणून. त्यामुळे आधी चकती उलटी फिरू नये म्हणून आत खटका आला, आणि मग इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा वीज कंपन्यांच्या टेंडरमध्ये ही अट पक्कीच बसली की करंट कुठल्याही दिशेने जाऊ दे, मीटरने तो पुढेच मोजायचा. वर त्याची नोंद पण ठेवायची, ‘करंट रिव्हर्स’ म्हणून, छेडछाडीच्या यादीत. मला विचाराल तर त्या काळात हा निर्णय बरोबरच होता. पण तो निर्णय मीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये राहिला आणि काळ पुढे गेला.

आता या सगळ्या गोंधळाचं मूळ असलेला शब्द, ‘नेट मीटर’. लोकांच्या डोक्यात नेट मीटर म्हणजे एक वेगळा डबा. पूर्वी ते बऱ्यापैकी खरं होतं, सोलरवाल्याकडे जुना मीटर काढून दुसरा बसवायचे, त्याचं टेस्टिंग व्हायचं, सील लागायचं, फोटो काढायचे. स्मार्ट मीटरमध्ये, म्हणजे आपलं रीडिंग स्वतःच कंपनीला पाठवणाऱ्या मीटरमध्ये, तसं नाही. त्याचं भारतीय मानक २०१५ चं, आणि त्याच्या बोलण्याची भाषा ठरवणारा भाग २०१६ चा. या मीटरमध्ये दोन पद्धती असतात, एक ‘फॉरवर्ड ओन्ली’ म्हणजे सगळं पुढेच मोज, आणि दुसरी ‘इम्पोर्ट-एक्स्पोर्ट’ म्हणजे येणारं आणि जाणारं वेगळ्या खात्यात टाक. म्हणजे ज्याला आपण नेट मीटर म्हणतो तो आता डबा राहिलेला नाही, ती एक सेटिंग झाली आहे. डबा तोच, बाहेरून फरक शून्य. आणि सेटिंग चुकली तर डोळ्याला काहीच दिसत नाही, थेट बिलातच दिसतं.

किती दिसतं ते हिशोबानेच बघा. समजा घराचा वापर महिन्याला ३०० युनिट. ३ किलोवॉटचं सोलर महिन्याला साधारण ३६० युनिट देतं, त्यातले १२० दिवसा घरातच वापरले गेले आणि २४० बाहेर लाइनवर गेले. रात्रीचे १८० बाहेरून आले. नीट मोजलं तर १८० वजा २४०, म्हणजे वापराचे युनिट शून्य आणि ६० पुढच्या महिन्याला जमा. फॉरवर्ड ओन्ली मीटर काय करतो, १८० अधिक २४०, बरोबर ४२०. सोलर नसताना ३०० वर होतात ते आता ४२० वर, आणि आपल्या महाराष्ट्रात ३०० च्या वर स्लॅब बदलतो त्यामुळे वरच्या युनिटचा दरही चढा. स्वतःची वीज कंपनीला दिली आणि वर तिचे पैसेही स्वतःच भरले.

शेजारच्या काकांचं नेमकं हेच झालेलं. त्यांचा आधीचा नेट मीटर व्यवस्थित चालू होता, मीटर बदलायची मोहीम आली, तो निघाला आणि त्याजागी स्मार्ट लागला. तिसऱ्या बिलाला त्यांनी मला बोलावलं. दुपारी साडेबाराला सगळं बंद केलं, फक्त फ्रिज चालू. सोलरची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवर २.५ किलोवॉट. मीटरचा लाल दिवा टकटक टकटक जोरात लुकलुकतोय. डिस्प्ले फिरत फिरत युनिटच्या आकड्यावर आला तो लिहून घेतला, १० मिनिटांनी परत बघितला, ०.४ युनिट वाढलेले. मग छतावरून येणाऱ्या सोलरच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे स्विच, पाडला. दिवा एकदम सुस्त झाला, काका मात्र गरम झाले.

मीटर आणि सोलर एकमेकांना असे आडवे आले कसे, तर दोन वेगळ्या योजना दोन वेगळ्या वाटेने चालत एकाच मीटर बोर्डावर येऊन धडकल्या म्हणून. महाराष्ट्रात छतावरच्या सोलरसाठी नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले, २०१९ मध्ये नवे. स्मार्ट मीटरची केंद्राची मोठी योजना जुलै २०२१ ची, देशभरात २५ कोटी मीटर लावायचं लक्ष्य, आणि तिचा सगळा रोख गळती आणि थकबाकीवर, म्हणजे पुन्हा चोर पकडण्यावरच. सोलर या योजनेच्या मनातच नव्हतं असं मी म्हणेन, कागदावर असेल. मग फेब्रुवारी २०२४ ला १ कोटी घरांवर सोलरची योजना जाहीर झाली, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी, आणि लोकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे प्रीपेड मीटरवरून आरडाओरडा झाल्यावर सरकारने सांगितलं की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही, त्यानंतर तोच मीटर पोस्टपेड म्हणून आणि ‘टीओडी मीटर’ या नावाने लागायला लागला. नाव बदललं की लोकांना वाटतं वस्तूही बदलली. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर, केंद्राच्या जून २०२३ च्या नियमातच ते आलं होतं, उन्हाच्या वेळात वीज स्वस्त वगैरे. म्हणजे आता आपण बाहेर पाठवतो ती वीज स्वस्ताईच्या वेळेतली आणि आपण घेतो ती महागाईच्या वेळेतली, ती एकास एक वळती करायची का यावर वाद आहेच, पण तो दराचा वाद. मीटरने मुळात दोन खाती वेगळी लिहिली तरच तो वाद घालता येईल ना.

अजून एक नावाचा घोळ, तो इन्व्हर्टरवाल्यांनी केलेला. इन्व्हर्टर कंपन्यासुद्धा ‘स्मार्ट मीटर’ नावाची वस्तू विकतात. ती म्हणजे डीबीमध्ये, घरातल्या स्विचच्या पेटीत, बसणारा छोटा मीटर, वायरभोवती करंट मोजणारं सीटीचं कडं, आणि इन्व्हर्टरकडे डेटा नेणारी दोन तारांची आरएस-४८५ लाइन. घरात किती वापर आणि बाहेर किती जातंय हे इन्व्हर्टरला त्यातून कळतं, बाहेर एक युनिटही जाऊ द्यायचं नसेल तर त्यावरूनच तो स्वतःला आवरतो. फिटर फोनवर म्हणतो ‘साहेब स्मार्ट मीटर टाकलाय’, गिऱ्हाईक समजतं वीज कंपनीचा. या दोन स्मार्ट मीटरांची आपसात ओळखही नाही. नेदरलँड्समध्ये वीज कंपनीच्याच मीटरला ग्राहकासाठी एक पोर्ट असतो, त्यात वायर लावली की घरातली उपकरणं मीटर वाचू शकतात. आपल्याकडच्या मीटरवर ग्राहकाला असं काही मोकळं मिळत नाही, म्हणून एकाच वायरवर दोन मोजणारे, आणि सीटीचं कडं उलटं घातलं की अ‍ॅपमध्येही येणारं ते जाणारं दिसतं. मग अ‍ॅप चुकीचं की मीटर, यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये रात्र जाते.

युरोपातली रड वेगळी होती. तिथे इन्व्हर्टरच्या आतली स्विचिंग काही किलोहर्ट्झवर चालते तिचा कचरा, म्हणजे विजेतले नको असलेले वेगवान चढउतार, लाइनवर येतो, आणि २ ते १५० किलोहर्ट्झ या पट्ट्यात मीटरने किती सहन करायचं याचं धड मानकच नव्हतं, ते २०१४ मध्ये आलं. २०१७ मध्ये तिथल्याच एका विद्यापीठाने ९ मीटर तपासले, काही ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त दाखवत होते. हा आकडा आपल्याकडे फॉरवर्ड होत फिरतो, पण ती चाचणी उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर चालणाऱ्या एलईडी-सीएफएलची होती, सोलरची नाही. शिवाय तिथे बरेच मीटर विजेच्या तारेतूनच डेटा पाठवतात, त्यामुळे तो कचरा त्यांच्या बोलण्यातही येतो. आपल्याकडे मुख्यतः सिमकार्ड किंवा आरएफ म्हणजे रेडिओ लहरी, तो त्रास कमी.

तक्रारीची वाट आहे. केंद्राच्या वीज ग्राहकांच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार रीडिंग जास्त येतंय अशी तक्रार केली तर कंपनीने ५ दिवसांत दुसरा तपासणी मीटर जोडायचा आणि किमान ३ महिने दोन्हीचा वापर पडताळायचा. गंमत म्हणजे तो तपासणी मीटरही फॉरवर्ड ओन्ली असला तर दोघं एकमेकांना साक्ष देतील.

काकांची सेटिंग शेवटी बदलली, पण मागच्या तीन महिन्यांचं काय? जुन्या आकड्यात आलेलं आणि गेलेलं दोन्ही एकाच खात्यात मिसळलेलं, ते मीटरमधून वेगळं काढता येत नाही आणि इन्व्हर्टरच्या अ‍ॅपला ऑफिसात कुणी पुरावा मानत नाही. मग काकांनी मीटरमधल्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदींचा ग्राफ काढून घेतला. सकाळी सातला चढायला लागतो, साडेबाराला टोक, संध्याकाळी सहाला खाली, ढगाळ दिवशी मध्येच खड्डे. टेबलापलीकडचा माणूस बराच वेळ ते बघत होता, मग म्हणाला, ‘काका, भर दुपारी एवढा लोड तुम्ही लावता तरी कशाला?’