स्की-पास, माग आणि खासगीपणा

बर्फाच्या उतारावर घसरण्याचा खेळ चालतो त्या स्की-रिसॉर्टमध्ये कोणता पर्यटक डोंगरावर नेणाऱ्या कोणत्या लिफ्टने किती वाजता वर गेला, याची नोंद त्याच्या खिशातल्या पासवरून आपोआप होते. मूळ हेतू तिकीट तपासण्याचा. पुढे त्याच नोंदींतून माणसाचा दिवसभराचा माग निघू लागला आणि खासगीपणाचा प्रश्न आला. मराठवाड्यात बर्फ नाही, पण समृद्धी महामार्गावरचा फास्टॅग आणि लातूरकडच्या क्लासेस-वसतिगृहांतली हजेरीची कार्डे याच जातीची आहेत.

पासमध्ये बॅटरी नसते. गेटच्या खांबातला अँटेना १३.५६ मेगाहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्याने कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होऊन आपला क्रमांक सांगते. आयएसओ १५६९३ या मानकाच्या चिपमध्ये हा क्रमांक ६४ बिटांचा असतो. वाचनाचे अंतर फार तर मीटरभर, तरी जाड जॅकेटमधूनही गेट उघडते. युरोपात ही गेटे मुख्यतः स्कीडाटा (स्थापना १९७७) आणि अ‍ॅक्सेस या दोन ऑस्ट्रियन कंपन्यांची दिसतात. कार्ड वाचणारे यंत्र बहुधा डाव्या हाताला असते, तेव्हा पास डाव्या खिशात आणि एकटाच ठेवावा. त्याच खिशात मोबाइल, किल्ल्या किंवा चॉकलेटची चांदी असली तर धातू ते क्षेत्र अडवतो आणि गेट हलत नाही. गेल्या वर्षीचे जुने कार्ड सोबत राहिले तर गेट कधी तेच वाचते, लाल दिवा लागतो आणि मागची रांग ओरडू लागते. असे अडकलेले बरेच पास मुळात खराब नसतात.

चिपमध्ये नाव-गाव सहसा नसते. क्रमांक गेटकडून सर्व्हरकडे जातो, तिथे वैधता तपासली जाते आणि क्रमांक, गेट, वेळ अशी एक ओळ साठते. नाव जोडले जाते ते पास विकताना. रोख पैसे देऊन घेतलेला एक दिवसाचा पास जवळजवळ निनावीच राहतो. हंगामी पासला मात्र नाव आणि फोटो लागतो. काही ठिकाणी गेटवरचा कॅमेरा पहिल्या फेरीला फोटो काढतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीचा फोटो त्याच्याशेजारी कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दाखवतो. एका पासवर दोघांनी आळीपाळीने जाऊ नये, एवढाच त्याचा उद्देश. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार अशी छायाचित्रे कशासाठी घेतली आणि किती काळ ठेवणार, हे ग्राहकाला सांगावे लागते.

दोन गेटांच्या मधले पासला काहीच कळत नाही. ‘आज तुम्ही ६,००० मीटर उतरलात’ असा आकडा दिसतो तो लिफ्टच्या उंचीवरून काढलेला असतो. लिफ्टचे तळ १,८०० मीटरवर आणि माथा २,४०० मीटरवर असेल, तर एका फेरीला ६०० मीटर धरले आणि दहा फेऱ्यांची बेरीज केली. मधल्या वेळात माणूस घसरत होता की हॉटेलात चहा पीत होता, हे त्यात येत नाही. युरोपात पासचा क्रमांक टाकला की दिवसाचा उंचीचा आलेख दाखवणाऱ्या सेवा आहेत. म्हणून क्रमांक दिसेल असा पासचा फोटो स्टेटसला टाकू नये.

अमेरिकेत व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २०१०-११ च्या हंगामात एपिकमिक्स आणले, म्हणजे पासच्या नोंदींवरून उतरलेली उंची मोजून दाखवणारी सेवा. त्यातला पास अतिउच्च वारंवारितेचा, म्हणजे काही मीटरवरून वाचता येणारा. थांबावे लागत नाही ही सोय, आणि वाचले गेल्याचे लक्षातही येत नाही ही अडचण. या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे मागच्या खिशातला पास समोरून वाचताना चुकतो. २०२३-२४ पासून त्याच कंपनीने मोबाइलमधला ब्लूटूथवर चालणारा पास सुरू केला. मोबाइल आला की अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागू शकते, आणि मग दोन गेटांमधली मोकळी जागाही भरून निघते. ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच परवानगी द्यावी.

जीव वाचवणारी साधने मात्र कुणाचे नाव विचारत नाहीत. जॅकेटमध्ये शिवलेल्या रेक्को परावर्तकात फक्त एक डायोड आणि अँटेना असतो. बचाव पथकाच्या यंत्रातून आलेला सिग्नल तो दुप्पट वारंवारितेने परत पाठवतो, क्रमांकबिमांक काही नाही. हिमस्खलनात वापरायचा ट्रान्सीव्हर, म्हणजे संकेत सोडणारे आणि दुसऱ्याचे पकडणारे अंगावरचे यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर स्पंदने सोडतो. गाडले गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची, म्हणून सोबत्याकडेही तोच हवा. मोबाइल त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावा, नाहीतर खोटे संकेत येतात. ‘मोबाइलचे लोकेशन चालू आहे, सापडेनच’ हा भरवसा चुकीचा. गुलमर्गला तर आपल्याकडचे प्रीपेड सिम चालतच नाही, पोस्टपेड लागते. तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या अंगाला सुमारे ३,९८० मीटरवर सोडतो. तेवढ्या उंचीवर ट्रान्सीव्हर भाड्याने घेतला असेल तर निघण्याआधी तो ‘सेंड’वर आहे ना, हे वाटाड्याकडून तपासून घ्यावे.

आता घरचे उदाहरण. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर वाचला जातो आणि त्याचा क्रमांक गाडी व बँक खात्याशी जोडलेला असतो. समृद्धीवर टोल कापलेल्या अंतरानुसार असल्याने जालन्याला चढलेली गाडी सावंगीला उतरली की दोन्ही वेळा नोंदल्या जातात. रोखीच्या स्की-पाससारखा निनावी फास्टॅग इथे नाही. वसतिगृहाच्या फाटकावर कार्ड लावले की घरी एसएमएस जातो, पण तो कार्ड गेल्याचा असतो, पोरगा गेल्याचा नाही. एकाने चौघांची कार्डे लावली तरी चार घरी निरोप पोचतात. ही पळवाट बुजवायला चेहरा ओळखणारे यंत्र बसवले जाते. तेव्हा पालकांनी चेहऱ्याची माहिती कुठे आणि किती दिवस राहणार, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग घेण्यास मनाई आहे, मात्र नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक काम आणि सुरक्षिततेपुरती सवलत दिली आहे. मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतात. वसतिगृह सोडताना कार्ड परत केले तरी जुन्या नोंदी सर्व्हरवर राहतात, त्या पुसण्याची मागणी लेखी करून पोच घ्यावी.