उड्या मारणारी हॉर्नेट, सोनेरी आरसी टेन: जुन्या रिमोट बग्यांची पार्श्वभूमी

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी रिमोटची गाडी म्हणजे जत्रेत मिळणारी, गाडीला वायर जोडलेली आणि वायरच्या टोकाला दोन बटणांचा डबा, त्यामुळे गाडीच्या मागे आपणच पळायचं. त्याच काळात जपान, अमेरिका, इंग्लंडमधली पोरं मात्र घरी स्वतः जोडलेल्या, मातीत भन्नाट पळणाऱ्या बग्या उडवत होती, आणि आज पन्नाशीला टेकलेली तीच पोरं त्याच बग्या परत विकत घेऊन "चालायला कुठली भारी" यावर हमरीतुमरीवर येतात. गंमत अशी की जी बगी सगळ्यात जास्त लोकांना आवडते ती चालवायला बहुतेक वेळा सगळ्यात वाईट असते. हे असं का झालं ते बघायला थोडं मागं जावं लागतं.

सुरुवात खऱ्या गाड्यांपासून. मेक्सिकोच्या बाहा भागात १९६७ पासून वाळवंटातली मोठी रेस व्हायला लागली आणि त्यात फोक्सवॅगन बीटलवर बांधलेल्या बग्या फार गाजल्या. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९७६ मध्ये पहिली रिमोट कार काढली होती, पण ती डांबरावरची पोर्शे होती. १९७९ मध्ये त्यांनी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर अशा दोन बग्या आणल्या आणि त्यात खऱ्या बीटलचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी जोडणी, जवळपास जसंच्या तसं, ओतीव धातूत छोटं करून बसवलं. खाली फायबरग्लासची पट्टी, रेडिओसाठी पाणी शिरू नये म्हणून बंद पारदर्शक डबा. हातात घेतली की वजन जाणवतं, खेळणं वाटतच नाही. पण चालवायला? जड, वळायला आळशी, आणि धातू असल्यामुळे जोरात आपटली की एखादा भाग वाकायचा नाहीतर तुटायचा. म्हणजे मॉडेल म्हणून दहापैकी दहा आणि रेसची गाडी म्हणून, जाऊ द्या.

मग क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीची स्कॉर्पियन आली १९८२ मध्ये, तामियाची फ्रॉग १९८३ मध्ये. फ्रॉग हलकी होती, प्लास्टिकची होती आणि तिच्या काळात खरंच चांगली पळायची. दुखणं एकच, मागच्या चाकांना फिरवणारे षटकोनी दांडे, ते घासून गोल व्हायचे आणि मग मोटर नुसती घरघर करणार, चाक जागचं हलणार नाही.

खरा धमाका १९८४ चा. या एकाच वर्षी तामियानं ग्रासहॉपर आणि हॉर्नेट काढल्या आणि तिकडे कॅलिफोर्नियात असोसिएटेड कंपनीनं आरसी टेन काढली. आज "व्हिंटेज बगी" म्हटलं की जी भांडणं होतात ती बहुतेक या तिघींभोवतीच फिरतात.

हॉर्नेट एकदा उलटी करून तिचा मागचा भाग नीट बघा. मोटर, गिअरबॉक्स आणि दोन्ही मागची चाकं हा सगळा एकच गठ्ठा आहे, बैलगाडीला कसा एकच आस असतो तसा, आणि हा अख्खा गठ्ठा मोटरसकट वरखाली हलतो. चांगल्या सस्पेन्शनमध्ये दगड आला की फक्त चाक आणि त्याचा हात उचलला जातो, बाकीची गाडी शांत राहते. इथं एका चाकाखाली खडा आला की मोटरचं वजनही त्याच्याबरोबर उसळतं, ते खाली येतं तोवर दुसरा खडा, शॉकमध्ये, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीत, तेल आहे खरं पण एवढं वजन आवरणं त्याच्या आवाक्यातलं नाही, मग गाडी बेडकासारखी टुणटुण उड्या मारत पळते. त्यात ५४० या मापाची मोठी मोटर, पुढचं वजन कमी, एकदम ॲक्सिलरेटर दाबला की नाक वर आणि खड्ड्यात वळवली तर कोलांटी ठरलेली.

ग्रासहॉपरचा सांगाडा जवळपास तोच, पण मोटर छोटी ३८०, मागे तेलाचे शॉकसुद्धा नाहीत, नुसत्या स्प्रिंगा. कागदावर ती हॉर्नेटपेक्षा कमीच, तरी वेगच नसल्यामुळे तिचे दोष फार दिसत नाहीत आणि बरेच जुने लोक सांगतात की अंगणात खेळायला ग्रासहॉपरच जास्त गोड. माझंही मत तेच आहे, पण हे हॉर्नेटवाल्यांसमोर बोलायची सोय नाही.

मग हॉर्नेट एवढी खपली का? एक तर स्वस्त, आणि जोडायला सोपी, बारा वर्षांचं पोरगं वडलांच्या थोड्या मदतीनं जोडू शकायचं. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, हा एकसंध प्लास्टिकचा टब, भिंतीवर आपटली तरी काही होत नाही. आणि ते रूप! काळी बॉडी, सोनेरी पट्टे, मागे काटेवाले टायर, आणि खोक्यावरचं चित्र असं की दुकानात पोरगं हलायलाच तयार नाही. लोकप्रियता ट्रॅकवर नाही, दुकानाच्या शेल्फवर ठरली.

आरसी टेनचं सगळं उलटं. रॉजर कर्टिस यांनी ती रेस जिंकायलाच बनवली. सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा टब, चारही चाकांना स्वतंत्र लांब हात, तेलाचे शॉक जे खरंच काम करतात. खडबडीत मातीवर बाकीच्या बग्या उसळत असताना ही अंग जमिनीला चिकटवून जायची. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक ऑफरोडची, म्हणजे मातीवरच्या गाड्यांची, पहिली जागतिक स्पर्धा झाली, टू-व्हील ड्राइव्हमध्ये (मोटर दोनच चाकं फिरवते त्या गाड्यांत) जे हॅल्सी आरसी टेन घेऊन जिंकला आणि फोर-व्हीलमध्ये (मोटर चारही चाकं फिरवते त्यांत) गिल लोसी ज्युनियर, योकोमो कंपनीच्या डॉगफायटरवर. तिथून रेसवाले आणि अंगणवाले अशा दोन वाटा झाल्या त्या झाल्याच. क्योशोनं १९८६ मध्ये अल्टिमा काढली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या रॉमसीला जोएल जॉन्सननं तिच्यावर जागतिक किताब घेतला.

तामियानं फोर-व्हीलमध्ये १९८५ ला हॉटशॉट आणली, दिसायला जबरदस्त, पण पुढे एक शॉक मागे एक शॉक अशी रचना, वजनदार, वळणावर सरळच जायचा हट्ट, आणि आतला एक स्क्रू काढायचा तर अर्धी गाडी उघडा. १९८८ ची अवांते तर महागडी आणि किचकट, रेसमध्ये फार काही करू शकली नाही, पण तिचं मिनी फोरडब्ल्यूडी, म्हणजे रिमोट नसलेल्या छोट्या मोटरच्या गाडीचं, रूप जपानच्या पोरांमध्ये तुफान चाललं.

एक गोष्ट आज विसरली जाते, या सगळ्यांची तुलना त्या काळच्या सामानावर करायला हवी. ७.२ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, १२०० एमएएचची, आणि वेग कमीजास्त करायला सर्व्होनं हलणारा संपर्क आणि तापणारा रेझिस्टर, चुकून बोट लागलं तर चटका. आता तीच हॉर्नेट आजची ताकदवान लायपो बॅटरी आणि ब्रशलेस मोटर लावून उडवायची आणि म्हणायचं हँडलिंग बेकार, याला काय अर्थ आहे.

२००० नंतर तामियानं जुन्या गाड्या परत काढायला सुरुवात केली, २००४ च्या आसपास हॉर्नेट, मग ग्रासहॉपर, फ्रॉग, हॉटशॉट, २०१० ला सँड स्कॉर्चर. असोसिएटेडनं २०१३ मध्ये आरसी टेन क्लासिक काढली, क्योशोनं स्कॉर्पियन, ऑप्टिमा, अल्टिमा. नव्या फ्रॉगमध्ये ते घासणारे षटकोनी दांडे गुपचूप बदलून टाकलेत. हॉर्नेटचा मागचा गठ्ठा मात्र तसाच ठेवलाय, उड्यांसकट.