चौघांनी लपून जायचं तर फासा किती वेळा टाकायचा?

मे महिन्यातल्या रविवारी दुपारी नागपुरात बाहेर पाय ठेवायची सोय नसते, म्हणून धरमपेठेत मित्राच्या घरी कूलरसमोर सतरंजी टाकायची आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायचा फाशांचा खेळ, खेळायचा असं आमचं ठरलेलं आहे. मागच्या वेळी आमची चौघांची पात्रं अंधारात किल्ल्याच्या पहारेकऱ्यांना चुकवून आत जाऊन राहिली होती, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा म्हणाला सगळ्यांनी चेक टाका, म्हणजे जमतं की नाही ते फासा टाकून बघा, तिसऱ्याचे ४ पडले आणि झालं, सगळे पकडले गेले. "काय बे, फासाच पनवती आहे हा!"

फाशाचा काही दोष नव्हता, आणि हे नीट समजलं ना तर खेळ खरंच बदलतो.

हा डी-ट्वेंटी, वीस सारख्या त्रिकोणांचा, समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१. कुठलाही आकडा यायची शक्यता ५ टक्के. आता समजा डीसी म्हणजे गाठायचा आकडा १५ आहे आणि तुमच्या पात्राला लपण्यात ५ चा बोनस आहे, तर फाशावर १० किंवा जास्त पाहिजे, म्हणजे २० पैकी ११ आकडे चालतात, ५५ टक्के. निम्म्यापेक्षा जास्त, म्हणून सगळ्यांना वाटतं जमून जाईल.

पण चौघांचंही जमायला पाहिजे असेल तर ५५ टक्क्यांचा चार वेळा गुणाकार होतो आणि हाती उरतात फक्त ९ टक्के! डीएमला वाटतं मी तर मध्यम अवघड ठेवलं होतं, प्रत्यक्षात त्यानं दरवाजा जवळजवळ बंदच केलेला असतो. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत यासाठी ग्रुप चेक आहे, निदान अर्ध्या लोकांचं जमलं की सगळ्यांचं जमलं. तेच पात्र, तोच १५, पण शक्यता ९ वरून थेट ७६ टक्क्यांवर जाते. चढाईचंही तसंच, ८० टक्के खात्रीची भिंत तीन वेळा चेक मागून चढायला लावली की ५१ टक्के उरतात.

चोरदरवाजा शोधताना मात्र उलटं होतं, तिथे एकाला दिसला तरी पुरे. प्रत्येकाची शक्यता २५ टक्केच असली तरी चौघांनी टाकलं तर ६८ होते, मग हुशार पात्र घ्यायचं कशाला? त्यापेक्षा एकानंच शोधावं, दुसऱ्यानं मदत करावी आणि अ‍ॅडव्हांटेज घ्यावा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. ४४ टक्के होतात. मला हेच जास्त बरोबर वाटतं, कारण ज्याला जे येतं त्याचा मान राहतो.

आणि पनवतीचं म्हणाल तर फाशाला मागचं काही आठवत नाही. सलग वीस वेळा टाकूनही एकदाही २० न पडायची शक्यता ३६ टक्के आहे, म्हणजे असं होतच राहतं.

महाभारतात नलराजा द्यूतात सगळं हरतो, आणि पुढे बाहुक नावानं ऋतुपर्णाचा सारथी होऊन दमयंतीच्या माहेरी, आपल्याच विदर्भात येत असताना, वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगतो, नल झाड पाडून मोजतो तर आकडा बरोबर! मग तो नलाला अक्षहृदय म्हणजे फाशाचं मर्म शिकवतो. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरायचे, त्यामुळे तेच झाड तिथे असणं मला फार आवडतं.

या रविवारी डीएमनं ग्रुप चेक घेतला. स्टीलच्या ताटात फासा खणखणला, १७, ४, ८, आणि चौथा ताटाच्या काठाला लागून फिरत फिरत १२ वर थांबला. दोघांचं जमलं. चोरानं जड चिलखतवाल्याला दंडाला धरून सावलीत ओढलं, पहारेकरी कंदील घेऊन बाजूनं निघून गेला, आणि आम्ही एकदाचे किल्ल्याच्या आत आहोत.