सामाजिक प्रसार

एखादी कल्पना, सवय किंवा तंत्र नात्या-ओळखीच्या जाळ्यातून माणसामाणसांत पसरत जाणे, याला सामाजिक प्रसार म्हणतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांनी १८९० मध्ये अनुकरणाचे नियम मांडले. पण विषयाला बैठक मिळाली ती शेतावर. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारले (१९४३). बियाण्याची पहिली खबर मुख्यतः विक्रेत्यांनी दिली होती, पेरायचा निर्णय मात्र शेजाऱ्यांमुळे झाला होता.

खानदेशातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीला ठिबक आले, तेव्हा मोकाट पाणी देणाऱ्याची शंका एकच होती : एवढ्याशा थेंबावर केळ पोसेल कशी? माहितीपत्रकाने ती फिटणारी नव्हती. शेजाऱ्याच्या बागेत उकिडवे बसायचे, नळीखालची माती बोटांनी उकरून ओल किती खोल गेली ते बघायचे, आणि कापणीच्या वेळी घडाचे वजन विचारायचे. (मालक खरे सांगेलच असे नाही, काट्यावरच्या माणसाला विचारलेले बरे.)

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की नवी खबर जवळच्यांपेक्षा दूरच्या, सैल ओळखींतून जास्त येते; जवळच्यांना आपल्याला माहीत तेवढेच माहीत असते. खानदेशात हे काम आखाजी करते. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर गाणी होतात, आणि सासरच्या गावी पिकाची कोणती जात लावली, बोअरला कुठे पाणी लागले, हेही त्यांच्याबरोबर येते. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या सणाला, जमतात ते भाऊबंद. तिथे नवी खबर कमी, पण आलेल्या खबरेची पारख होते ती याच गोतावळ्यात.

खबर कळणे आणि ती पटणे, हा फरक महत्त्वाचा आहे. केळीवरचा हरण्या रोग मावा किडीमार्फत पसरतो. एक बाधित मावा झाडावर बसला तरी पुरतो. खर्चाची किंवा जोखमीची गोष्ट तशी पसरत नाही. चुलत्याने केले, मेव्हण्याने केले, शेजाऱ्यानेही केले, तेव्हा कुठे चौथा माणूस त्यात हात घालतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांच्या २०१० मधील प्रयोगात, ज्या जाळ्यांत ओळखीचे लोक एकमेकांच्याही ओळखीचे होते, तिथे नवे वर्तन अधिक दूर आणि अधिक वेगाने पसरले. भाऊबंदकीला आपण फक्त भांडणापुरते ओळखतो, ते बरोबर नाही.

अभ्यासकाची खरी अडचण वेगळीच आहे. सारखी माणसे मुळातच एकमेकांजवळ असतात, त्यामुळे अनुकरण कोणते आणि योगायोग कोणता हे ओळखणे कठीण जाते. ओळीने चार वावरांत नळ्या दिसल्या, म्हणजे चौघांनी एकमेकांचे पाहिलेच असे नव्हे. चौघांच्या विहिरी एकाच उन्हाळ्यात आटल्या असतील, किंवा अनुदान त्याच वर्षी आले असेल.