पाणी शुद्ध, म्हणून चांदीचं पाणीही सुरक्षित?

डिस्टिल्ड वॉटर घ्या, चांदीच्या दोन तारा बुडवा, बॅटरी जोडा. झालं घरचं 'कोलॉइडल सिल्व्हर', म्हणजे औषध म्हणून प्यायचं चांदीचं पाणी. पाणी शुद्ध, मग अपाय कसला? हा समज बरीच वर्षं फिरतोय.

नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते चांदीला धरतं आणि पाणी पांढरट गढूळ होतं. शुद्ध पाण्यात ते टळतं, इतकंच. त्या नितळ पाण्यात चांदी बरीचशी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपात असते आणि पोटातल्या आम्लात क्लोराइड भरपूर. म्हणजे ग्लासात टाळलं ते पोटात होणारच! शिवाय पाण्यात चांदी नेमकी किती उतरली, हे घरी कोण मोजणार?

अमेरिकेत मोंटानाचे राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ मध्ये, वायटूकेमुळे (२००० साल लागताच संगणक कोलमडतील, ही तेव्हाची भीती) अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील या धास्तीने, असंच पाणी घरी करून घ्यायला सुरुवात केली. कातडी निळसर-राखाडी झाली. याला आर्जिरिया म्हणतात: कातडीत साठलेली चांदी उजेडाने काळवंडते, जुन्या फोटोफिल्मसारखी. हा रंग सहसा जात नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) अशी औषधं सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असं जाहीर केलं होतं.

भाजल्यावर डॉक्टर चांदीयुक्त मलम देतात, हे खरं. पण ते वरून लावायचं. आणि उष्टावणाची चांदीची वाटी? तिच्यातून खिरीत उतरते ती नगण्य चांदी. वाटीला कुणी बॅटरी जोडत नाही.